आरशावरचं हळदीकुंकू

चंद्रावर एक काळा ठिपका होता आणि तो चंद्राबरोबर सरकत नव्हता.

ऋजुताने दुर्बिणीवरून डोळा काढला, मनगटाने चोळला आणि पुन्हा लावला. चंद्र नेहमीसारखा हळूहळू एका कडेला चालला होता. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे दुर्बिणीतून पाहताना आकाशातली प्रत्येक गोष्ट अशी निसटत जाते, हे तिला ठाऊक होतं. विवरं निसटत होती, डोंगर निसटत होते, करडी मैदानं निसटत होती. ठिपका मात्र खिडकीच्या काचेवर बसलेल्या माशीसारखा जागच्या जागी. त्याच्या आजूबाजूला बारीक ठिपक्यांची पिलावळही होती आणि केसासारखा एक वाकडा तंतू.

"रंगराव, इकडे ये. चंद्राला काय झालंय बघ!"

रंगराव म्हणजे चौसाळकरांच्या घरातला यंत्रमानव. उंचीला ऋजुताएवढाच, पण हात ताणले की खालून थेट माळ्यावरचा डबा काढायचा. आजोबांनी त्याला आपल्या शाळेतल्या मित्राचं नाव दिलं होतं. त्याला 'अरे रंग्या' अशी हाक मारली की आजोबांना आपण पुन्हा सातवीत गेल्यासारखं वाटायचं.

रंगराव गच्चीच्या दुसऱ्या टोकाहून चाकांवर घरंगळत आला. दुर्बिणीतला चंद्र थरथरला.

"हळू! चंद्र जेलीसारखा हलतोय."

"क्षमस्व. चंद्र हललेला नाही. दुर्बीण हलली."

"कळलं! तू बघ."

रंगरावने आपला कॅमेऱ्याचा डोळा दुर्बिणीला लावला. "मोठा ठिपका एक. छोटे पुष्कळ. तंतू एक. चंद्राच्या नकाशात यांची नोंद नाही. निष्कर्ष : चंद्र बदलला आहे."

"असा कसा बदलेल? काल तर ठीक होता!"

"तेच मलाही समजत नाही," रंगराव म्हणाला.

आज खंडेनवमी (नवरात्रातला नववा दिवस, या दिवशी घरातल्या हत्यारा-अवजारांची पूजा करतात). उद्या दसरा. आणि उद्या संध्याकाळी आई चंद्रावरून तिला सोनं देणार होती.

त्याचं असं होतं. ऋजुताचे बाबा बोटीवर आणि आई चंद्रावर. अंबाजोगाईच्या त्या घरात जमिनीवर राहणारी माणसं तीनच : ऋजुता, आजी आणि आजोबा. आई भूगर्भशास्त्रज्ञ होती. चंद्रावर 'वादळांचा महासागर' नावाचं एक विस्तीर्ण मैदान आहे. नावाचाच महासागर, पाण्याचा थेंब नाही. तिथे फार पूर्वी लाव्हारस वाहून गेला आणि मागे लांबच लांब भुयारं राहिली. त्यातल्या एका भुयारातल्या 'अरुणतळ' नावाच्या स्थानकात आई गेले काही महिने राहत होती. नवमी-दशमीला तो भाग अजून चंद्राच्या अंधाऱ्या बाजूला असतो. स्थानकावर निरोप पाठवायचा एक जोरदार पिवळा लेझर दिवा होता. त्याचा झोत पृथ्वीपर्यंत पोचेतो महाराष्ट्राएवढा पसरायचा. दसऱ्याच्या संध्याकाळी तो दिवा थोडा वेळ लावायची परवानगी आईने मागून घेतली होती.

"आपट्याची पानं इथे कुठली आणू?" आई हसून म्हणाली होती. "तू दुर्बीण लाव. मी उजेडाचं सोनं पाठवते."

हे उद्याच व्हायला हवं होतं. दोन दिवसांत अरुणतळावर सूर्य उगवणार, मग त्या लख्ख उन्हात दिवा कुठला दिसायला! आणि त्यानंतर आईचा मुक्काम हलणार होता चंद्राच्या पाठीमागे. तिथून पृथ्वी दिसतच नाही. फोन उपग्रहामार्फत लागेल, पण उजेड थेट डोळ्यांत यायचा नाही.

आणि आज दुर्बिणीत हे ठिपके. दिवा म्हणजे सुईच्या टोकाएवढा प्रकाश. नेमका एखाद्या ठिपक्यामागे गेला तर? कडेला धरून बघावं, तर या जुन्या दुर्बिणीत कडेचं चित्र पुसट आणि शेपटीदार दिसायचं.

"दुर्बिणीतच काहीतरी असेल," ऋजुता स्वतःशीच पुटपुटली. तिने विजेरी आणली आणि नळीच्या तोंडातून आत उजेड टाकला. तळाशी पुरणपोळीच्या ताटलीएवढा मुख्य आरसा चकाकला.

आरशाच्या कडेजवळ हळदीचं एक बोट होतं. त्याच्या शेजारी कुंकवाचं.

ऋजुताच्या तोंडचं पाणी पळालं.

"रंगराव! हे कुणी केलं?"

"मी," रंगराव प्रसन्नपणे म्हणाला. "आजोबांनी सकाळी सांगितलं, प्रत्येक अवजाराच्या मुख्य भागाला हळदीकुंकू लाव. मी मिक्सरच्या पात्याला लावलं. शिलाई मशीनच्या सुईला लावलं. दुर्बिणीचा मुख्य भाग आरसा आहे. हात लांब करून लावलं."

दुपारची चटणी लालसर का झाली होती, ते आत्ता कुठे ऋजुताला कळलं. पण हसू काही आलं नाही.

"अरे, नळीला लावायचं ना बाहेरून! तू आईचा आरसा घाण केलास. म्हणून चंद्रावर डाग दिसतायत!"

"मी पुसू का? भांड्यांचं फडकं आणतो. घासणीही आहे."

"नको, तू हात लावू नकोस. मीच पुसते." ऋजुताने ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. दुसऱ्या हाताने ती नळीच्या बुडाशी असलेले स्क्रू सोडवायला लागली.

"ऋजू! हात काढ आधी!"

जिन्याच्या दारात आजी उभी होती. दोन्ही गुडघ्यांना शिव्या देत तीन मजले चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती. आजी निवृत्त होईपर्यंत भिंगं आणि आरसे तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत संशोधक होती. घरात पूजाअर्चा आजोबांकडे आणि काचेची प्रत्येक वस्तू आजीकडे, अशी सरळ वाटणी होती.

"ओढणीने आरसा पुसायला निघालीस? आई काय म्हणेल?"

"पण आजी, डाग..."

"डाग एक वेळ जाईल, ओरखडा जात नाही." आजी प्लास्टिकच्या खुर्चीत टेकली. "आपल्या न्हाणीघरातल्या आरशाला मागून मुलामा असतो. पुढे काच असते, म्हणून तो कसाही पुसला तरी चालतो. दुर्बिणीच्या आरशाला मुलामा पुढून असतो, उघडा. ॲल्युमिनियमचा थर, तुझ्या केसापेक्षा शेकडो पट पातळ. कापडात अडकलेला धुळीचा एक कण त्यावरून फिरला तरी रेघ उठते. कॉलेजात असताना तुझ्या आईने खालच्या अंगणात पिंपावर काच ठेवून, त्याच्याभोवती गोल गोल फिरत हा आरसा घासलाय. पावसाळाभर! शेजारच्या बायका विचारायच्या, पोरीने कसलं व्रत धरलंय म्हणून."

ऋजुताने ओढणी सोडून दिली. डोळे मात्र भरून आले. "मग उद्याचं काय?"

आजी उठली, दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ 'हं... हं...' करत राहिली. मग म्हणाली, "मला एक सांग. हळद कुठल्या रंगाची?"

"पिवळी."

"कुंकू?"

"लाल. आजी, हे काय विचारतेस?"

"चंद्रावर तुला पिवळं, लाल काही दिसलं?"

ऋजुता थबकली. तिने पुन्हा पाहिलं. ठिपके काळे होते. शिवाय मोठा ठिपका मधोमध होता आणि हळदीकुंकू तर आरशाच्या कडेला. आरशावर डाग दोन, इथे ठिपके पुष्कळ. आणि हा तंतू? आरशावर तर तंतू नव्हताच.

"म्हणजे..." ती चाचरत म्हणाली, "आरशावर हळदीकुंकू आहे, पण ते चंद्रावर दिसत नाही. आणि चंद्रावर जे दिसतंय, ते आरशावर नाही?"

"आता नेत्रिका (जिला डोळा लावतो ती छोट्या भिंगांची डबी) तिच्या खोबणीत हळूच फिरव. डोळा काढू नकोस."

ऋजुताने नेत्रिका फिरवली. चंद्र होता तसाच राहिला. पण तो वाकडा तंतू घड्याळाच्या काट्यासारखा गर्रकन वळला!

"अगं बाई! चंद्रावरचा केस फिरला!"

"माझी गणना चुकत आहे," रंगराव म्हणाला. "कृपया थांबा. अजून चुकत आहे."

"थांबूया आता," आजी म्हणाली. "ढग आलेत, आणि खाली आजोबा जेवायचे खोळंबलेत."

"आजी, तुला कळलंय ना? मग सांग की!"

"मी सांगितलं तर तुला फक्त माझं म्हणणं कळेल. सकाळी ऊन आलं की माझं वाचायचं भिंग घे आणि माझ्यासमोर बस."

त्या रात्री जेवताना ऋजुताने वरणात ताक ओतलं. डोक्याचं तर आधीच दही झालं होतं. आरशावरचा डाग जातो कुठे? आणि चंद्रावरचा डाग येतो कुठून?

दसऱ्याच्या सकाळी आजोबा दाराला झेंडूचं तोरण बांधत होते. टोपलीत आपट्याच्या डहाळ्या होत्या. आजीने ऋजुताला खिडकीसमोरच्या भिंतीपाशी बसवलं. हातात तिचं मोठं गोल भिंग दिलं.

"भिंतीपासून वीतभर अंतरावर धर. जरा पुढे-मागे कर."

ऋजुताने भिंग हलवलं आणि एकदम भिंतीवर इवलीशी खिडकी उमटली. गज, पडदा, बाहेरचं कडुनिंबाचं झाड, सगळं उलटं, डोकं खाली. झाडाची फांदी हलली की भिंतीवरचीही हलायची.

"हे चित्र भिंगाने केलं. तुझ्या दुर्बिणीत हेच काम आरसा करतो. भिंग असो की आरसा, दोघांचा धंदा एकच : प्रकाश गोळा करून त्याचं चित्र मांडायचं. किरण एकत्र येऊन जिथे चित्र स्पष्ट उमटतं, त्या जागेला म्हणायचं नाभी. आत्ता आपली नाभी कुठे आहे?"

"भिंतीवर."

"शाब्बास. आता आपट्याचं एक छोटं पान घे आणि भिंगाला मधोमध चिकटवून धर. आधी सांग, काय होईल?"

"सोप्पं आहे. भिंतीवरच्या खिडकीत मधोमध पान दिसेल. काळं."

"रंगराव, तुझं काय मत?"

"सहमत. खिडकीचा मधला भाग नाहीसा होईल."

ऋजुताने पान भिंगाला टेकवलं. आणि ती बघतच राहिली.

खिडकी आख्खीच्या आख्खी होती. गज सगळे जागेवर. झाड जागेवर. पानाचा मागमूस नाही. फक्त चित्र थोडं अंधुक झालं होतं.

"पान कुठे गेलं?" तिने भिंगाकडे पाहिलं. पान तिथेच होतं. भिंतीकडे पाहिलं. नव्हतं. तिने दुसरं पान लावलं. तिसरं लावलं. अर्धं भिंग झाकलं गेलं, तरी खिडकी पुरीच, नुसती मंद. "आजी, ही काय जादूटोण्याची खिडकी आहे?"

"अहो ऐकलंत का," आजीने दाराकडे बघून हाक दिली, "तुमची नात भिंगाला भूत लागलं म्हणतेय."

"नारळ उतरवून टाकू काय?" तोरणाआडून आजोबा ओरडले.

"नारळ राहू द्या. ऋजू, तुमच्या शाळेत सकाळी प्रार्थना होते ना? किती मुलं असता?"

"चारशेच्या वर असतील."

"समजा तुमचा आख्खा वर्ग सहलीला गेला. प्रार्थनेतली एखादी ओळ गळेल का?"

"छे! बाकीची मुलं आख्खी प्रार्थना म्हणतातच की. फक्त आवाज..." ऋजुता अडखळली. "आवाज थोडा कमी होईल."

आजी नुसती भुवया उंचावून बसली.

ऋजुता भिंगाकडे बघत राहिली. मग सावकाश, एकेक शब्द चाचपडत बोलायला लागली. "खिडकीच्या प्रत्येक जागेवरून प्रकाश सगळीकडे पसरतो. म्हणजे तो आख्ख्या भिंगावर पडतो. गजाचाही, झाडाचाही. मग भिंगाचा प्रत्येक तुकडा... आख्ख्या खिडकीचं चित्र काढतो? प्रत्येक तुकडा पूर्ण प्रार्थना म्हणतो?"

"आणि सगळे तुकडे आपापलं चित्र एकाच ठिकाणी, एकावर एक मांडतात. म्हणून एक तुकडा झाकला तर चित्रात भोक पडत नाही. त्याचा उजेड तेवढा घटतो."

"म्हणून हळदीकुंकू दिसत नाही! आरशावर थोडी जागा झाकली गेली, पण उरलेला आरसा आख्खा चंद्र काढतोच आहे!"

"दिसत नाही याचा अर्थ ते चांगलं आहे असा नाही हं. आरसा फारच मळला तर प्रकाश इकडेतिकडे विखुरतो आणि चित्र धुरकट होतं. पण दोन बोटांनी काही बिघडत नाही."

"माझा दोष किती टक्के?" रंगरावने विचारलं.

"गप रे मेल्या. दोष नाही, पण पुढच्या वर्षी विचारून लाव."

ऋजुताचं डोकं आता सुसाट निघालं होतं आणि पुन्हा अडलं. "पण मग ते काळे ठिपके? तेही कुठेतरी असणारच ना. त्यांनी का नाही नुसता उजेड घटवला?"

"पान हातात आहे ना? सरकव की."

ऋजुताने पान भिंगापासून दूर, भिंतीकडे नेलं. मधल्या अंतरात चित्रावर एक पुसट, पसरट सावली आली. अजून जवळ नेलं. सावली घट्ट झाली. पान भिंतीला टेकायला आलं, तेव्हा इवल्या खिडकीच्या मधोमध आपट्याचं जोडपान काळंभोर, कडा रेखीव, उमटलं होतं.

"गॅदरिंगला तुमच्यातली चार मुलं 'स्वागतम्'ची अक्षरं हातात धरून उभी राहतात ना?" आजी म्हणाली.

ऋजुताने टाळी वाजवली. "त्यातलं एक मूल पळालं तर ते अक्षरच जातं! कारण तिथे प्रत्येकाकडे एकच अक्षर असतं. नाभीपाशी प्रकाशाची वाटणी झालेली असते, गजाचा प्रकाश गजाच्या जागी, झाडाचा झाडाच्या जागी. तिथे कचरा आला तर त्या जागेचं चित्रच झाकलं जातं." ती उठून उभी राहिली. "म्हणजे आपले ठिपके नाभीजवळ आहेत. आणि दुर्बिणीत नाभीजवळ काय असतं? नेत्रिका! म्हणून ती फिरवल्यावर तंतू फिरला!"

ती धावत जाऊन नेत्रिका घेऊन आली आणि नळकांड्याच्या बाजूने, आकाशाकडे धरून तिने आत पाहिलं. आतल्या भिंगावर पांढरे बारीक कण चिकटले होते. आणि त्यांच्यामध्ये एक केशरी तंतू.

कण रांगोळीचे होते. तंतू झेंडूच्या पाकळीचा होता. चंद्राचा उजेड त्यांच्या मागून येत होता, म्हणून दुर्बिणीत ते काळे दिसले होते.

ऋजुताचे कान गरम झाले. काल सकाळी पूजेच्या वेळी नेत्रिका पाटावर तिनेच मांडली होती. उलटी उभी केली, कारण तशी ती छोट्या कळशीसारखी छान दिसत होती. दोन्ही टोपणं काढून ठेवली, कारण झाकलेल्या वस्तूची पूजा कशी करायची? मग भोवती रांगोळी भुरभुरवली आणि वरून झेंडूच्या पाकळ्या कुस्करून उधळल्या. सगळं त्या उघड्या तोंडात.

"रंगराव," ती हळूच म्हणाली, "तू नव्हतास रे. मी होते."

"मग मी चंद्रही बदलला नाही असं समजू?"

"कुणीच नाही बदलला."

"नोंद केली," रंगराव म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडी ऐट आली.

साफसफाई आजीच्या देखरेखीखाली झाली. ऋजुता तोंडाने फुंकर मारणार होती, पण आजीने तिच्या गालावर टिचकी मारली. "फुंकरीबरोबर थुंकीचे तुषार जातात, त्यांचे डाग धुळीपेक्षा वाईट. रबरी फुगा घे." नेत्रिकेचं तोंड खाली करून फुग्याने फस्सकन हवा मारली, तसे कण गळून पडले. झेंडूचा तंतू हट्टी निघाला. त्याला उंटाच्या केसांच्या मऊ कुंचल्याने, न दाबता, नुसतं गोंजारून बाहेर काढलं. एक बारीक कण तरी राहिलाच.

"असू दे," आजी म्हणाली. "स्वच्छतेच्या नादात खूप दुर्बिणी मेल्यात."

"आणि आरसा?"

"तो उद्या. खोलून, वाहत्या पाण्याखाली धुऊन, शेवटी बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी सोडायचं आणि तिरका ठेवून आपोआप वाळू द्यायचा. आज खोलला तर हा आणि नळीच्या तोंडाजवळचा छोटा, अशा दोन्ही आरशांची तोंडं पुन्हा एकमेकांसमोर जुळवत बसावं लागेल. संध्याकाळपर्यंत नाही जमलं तर? आज हळदीकुंकवासकटच बघू."

दिवस मावळायच्या बराच आधी त्यांनी दुर्बीण गच्चीवर नेऊन ठेवली. घरातली काच गच्चीच्या हवेइतकी निवली नाही तर चित्र उकळत्या पाण्यासारखं लवलवतं, हे आजीने सांगितलं. दिवेलागणीला आग्नेयेला चंद्र चांगला वर आला होता. आजोबा सीमोल्लंघन करून, खिशात आपट्याची पानं भरून परतले होते. रंगरावला जिन्याच्या दारात उभं राहायची ताकीद होती.

ऋजुताने आधी शोधक दुर्बिणीतून (मोठीच्या पाठीवर बसवलेली छोटी दुर्बीण, जिच्यात आकाशाचा मोठा तुकडा दिसतो) नेम धरला, मग नेत्रिकेत पाहिलं. ठिपके गेले होते! तिने चंद्राचा उजळ भाग मुद्दाम चित्राबाहेर सरकवला, नाहीतर त्याच्या झगमगाटात डोळे दिपले असते. या दुर्बिणीत चंद्र उलटा दिसायचा. त्यामुळे आकाशात डावीकडे असलेली अंधारी बाजू तिला उजवीकडे शोधावी लागत होती.

फोनवर आईचा आवाज आला. "ऋजू, झाली का तयारी?"

"हो आई! लाव!"

मग तो चमत्कारिक खंड. इथला शब्द चंद्रावर जायला सव्वा सेकंद, तिथला यायला सव्वा सेकंद. आईशी बोलायचं म्हणजे दर वाक्यानंतर आवंढा गिळून थांबायचं.

"लावलाय. दिसतोय?"

काळोख. नुसता काळोख. ऋजुताने डोळा ताणला. दुर्बीण केसभर सरकवली. काही नाही. विचार चुकला होता का? हळदीकुंकवानेच घात केला होता का? की तो राहिलेला एक कण...

"आई, नाही दिसत!"

"घाबरू नकोस, अजून थोडा वेळ आहे. कडेपासून मोजलंस का? कडेपासून आत, तुझ्या चित्राच्या पाव भागाइतकं."

ऋजुता गोंधळली. कडेपासून मोजायचं, पण ती कड तर अंधारात बुडालेली!

"ऋजू," आजी मागून शांतपणे म्हणाली, "दिसत नसेल तिथून नको मोजूस. दिसतंय तिथून सुरुवात कर."

ऋजुताने दुर्बीण मागे आणली, उजळ भाग जिथे संपतो तिथपर्यंत. तिथून चंद्राच्या गोलाईचा अंदाज घेत ती इंचाइंचाने अंधारात शिरत गेली. आणि उजव्या बाजूला, काहीच नसलेल्या ठिकाणी, काहीतरी होतं.

सुईच्या टोकाएवढं. पिवळं. स्थिर.

ते विझलं. पुन्हा लागलं. पुन्हा विझलं. पुन्हा लागलं.

"दिसलं!" ती ओरडली, आणि ओरडताना दुर्बिणीला धक्का बसू नये म्हणून तिने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. "आई, दिसलं! पिवळं!"

एक खंड गेला. मग आईचं हसू पोचलं. "सोनं घे गं. सोन्यासारखी राहा."

आजोबांनी पाहिलं आणि हात जोडले. आजीने पाहिलं आणि नाक ओढत म्हणाली, "थंडी पडायला लागलीय." थंडी अजिबात नव्हती.

ऋजुताची पुन्हा पाळी आली. दिवा लुकलुकत होता. तिच्या मनात आलं, आईचा तो उजेड आत्ता नळीतून खाली जाऊन, आईनेच पिंपाभोवती फिरत घासलेल्या आरशाच्या कणाकणावर पडतोय. हळदीकुंकवाएवढी जागा सोडून प्रत्येक कण आईचा दिवा काढतोय.

तिला काहीतरी सुचलं. तिने आजोबांच्या खिशातून आपट्याचं एक पान घेतलं आणि डोळा नेत्रिकेवर ठेवूनच हात लांब करून ते नळीच्या तोंडाशी, थेट चंद्राच्या प्रकाशाच्या वाटेत, धरलं.

दिवा तसाच होता. अगदी किंचित मंद. पण जागच्या जागी, आख्खा.

"आई," ती म्हणाली, "तुझ्या उजेडाच्या वाटेत मी आपट्याचं पान धरलंय. माझं सोनं. तरी तू दिसतेयस."

सव्वा सेकंद शब्द वर गेले. सव्वा सेकंद काहीतरी खाली येत राहिलं.

"मधोमध धरलंयस?" आईचा आवाज जरा ओला होता. "मला वाटायचं, तुला सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही."

"आजीने नाही सांगितलं. आधी मी पूर्ण घोटाळले."

"मग नीट कळलं असणार. ऐक, मी पाठीमागच्या बाजूला गेले की तिथेही एक दुर्बीण उभारायचीय. खूप मोठी. तिचा आरसा एकसंध नाही, तुकड्यातुकड्यांचा आहे. लोक मला विचारतात, एखादा तुकडा बिघडला तर चित्राला भोक पडेल का? त्यांना काय सांगू?"

ऋजुताने पान हातातच ठेवलं. "सांग, आमच्या शाळेत प्रार्थनेला या."

दिवा शेवटचा एकदा लागला आणि विझला. चंद्राची अंधारी बाजू पुन्हा नुसती अंधारी झाली. जिन्याच्या दारातून रंगराव म्हणाला, "एक शंका. उद्या आरसा धुतल्यावर हळदीकुंकू पुन्हा लावायचं की नाही?"

"लावायचं," ऋजुता म्हणाली आणि तिने दोन्ही टोपणं नेत्रिकेला घट्ट बसवली. "बाहेरून. नळीला. आणि मग तुझ्याही कपाळाला."